माहितीपत्रकातलं जहाज आणि आमची भावकी

जहाजावरून परत आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक माणूस आधी जहाज विचारतो आणि मग पंप. "काय म्हणतंय जहाज?" असं विचारतात, जणू मी ते मागच्या बोळात बांधून ठेवलंय. कुणाला उलट्या झाल्या का ते हवं असतं, कुणाला खोली केवढी होती ते, आणि मटण होतं का हे झाडून सगळ्यांना हवं असतं. तेच तेच सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाच लिहून मोकळा होतो. ज्यांना जायचंय त्यांनी वाचावं. ज्यांना जायचं नाही त्यांनी तर जरूर वाचावं, म्हणजे आपण शहाणे आहोत याची त्यांना खात्री पटेल.

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं शेतीपंपांचं दुकान आहे. त्यामुळे छापील माहितीपत्रकांशी माझा संबंध जुना. आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकावर एक शेतकरी आहे. त्याचं धोतर पांढरंशुभ्र, फेट्याला इस्त्री, आणि पाइपातून पडणारं पाणी इतकं निळं की त्यात कपडे बुडवले तर नीळ द्यायची गरज नाही. हा कागद मी रोज गिऱ्हाइकाच्या हातात देतो. गिऱ्हाईक तो नीट बघतं, घडी करून खिशात घालतं आणि मग विचारतं, "ते ऱ्हाऊ द्या, खरं सांगा, पाणी किती मारतोय?" म्हणजे कागद कागदाच्या जागी आणि विहीर विहिरीच्या जागी, एवढी समज आमच्या गिऱ्हाइकाला आहे. मलाही होती. जहाजाचा कागद हातात आल्यावर ती कुठं गेली ते सांगता येत नाही.

शाहूपुरी

तो कागद घरात आणला माझ्या चुलतभावानं, तानाजीदादानं. दादा दूध संस्थेत सचिव होता. निवृत्त झाल्यापासून तो माहिती गोळा करतो. कशाचीही. स्टँडजवळच्या एका प्रवासी कचेरीत तो पाणी प्यायला म्हणून शिरला आणि हे जाडजूड गुळगुळीत पुस्तक घेऊन बाहेर पडला. वर पांढरं जहाज, खाली समुद्र, आणि पानं अशी चकचकीत की कुंकू लावायला आरशाची गरज पडू नये. आत पोहण्याचा तलाव होता, त्यात एक बाई. जिना होता, त्यावर एक पुरुष. आणि मधल्या पानावर एक टेबल. पांढरं कापड, मेणबत्ती, दोन पेले, मागं मावळता सूर्य, आणि ते दोघं एकमेकांकडं बघत बसलेले. हजारो माणसं घेऊन जाणाऱ्या जहाजावर त्या दोघांच्या आसपास चिटपाखरू नव्हतं.

माझी बायको सुनंदा हे पान बराच वेळ बघत होती. मी म्हटलं, "फोटो हाय गं तो. तसं काय नसतंय."

"फोटू काढाय तरी ती दोघंच गेली असतील न्हवं?" ती म्हणाली.

आमचं लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पोरगी नोकरीला लागली, पण आम्ही दोघंच असे कुठंही गेलेलो नाही. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो, त्या जीपमध्ये आई-वडील होते, धाकटी बहीण होती, बहिणीची मैत्रीण होती आणि येताना स्ट्रॉबेरी आणायची म्हणून शेजारचे एक काका होते. पुढं तिरुपती झालं, म्हैसूर झालं, दर वेळी गाडी भरून. घरात अल्बम ढिगानं आहेत. एका फोटोत सुनंदा आणि मी अगदी शेजारी उभे आहोत, पण मध्ये मामांचं डोकं आलंय.

त्या संध्याकाळी तिनं भाकरी थापता थापताच सांगून टाकलं. "ह्या वक्ताला दोघंच जायचं. कुणाला बोलायचं न्हाय."

"न्हाय बोलत."

"शपथ घ्या."

मी अंबाबाईची शपथ घेतली. मनापासून घेतली, हे इथं नमूद करतो.

आमची मुलगी प्राजक्ता पुण्याला असते. तिला माहितीपत्रकाबद्दल सांगितलं तर ती हसायलाच लागली. "बाबा, कागद बघून कोण बुक करतं आता? त्यात कंपनीनं स्वतःच लिहिलेलं असतं. ऑनलाइन बघा. तिथं जाऊन आलेल्या लोकांनी लिहिलेलं असतं, म्हणून ते खरं असतं." मग रोज जेवण झालं की मी फोन घेऊन बसायला लागलो. जाऊन आलेल्या लोकांपैकी एकानं लिहिलं होतं की असं जेवण स्वर्गात मिळत नाही. त्याच्या खालच्यानं लिहिलं होतं की डाळीत पाणी शोधावं लागलं नाही, डाळ शोधावी लागली. एका बाईंनी जहाजाला एकच तारा दिला होता, कारण त्यांच्या यजमानांचं घोरणं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'फक्त दोन खोल्या शिल्लक' असं लिहिलेलं. पहिल्या दिवशी मी घाबरलो. आठवडाभरानंही दोनच शिल्लक होत्या. मी स्वतः दुकानात 'शेवटचा पीस' म्हणून एकाच पंपाकडं बोट दाखवत कित्येक पावसाळे काढलेत, त्यामुळे त्या संकेतस्थळाबद्दल मला घरचं कुणी असल्यासारखी आपुलकी वाटायला लागली.

एकूण माझा निष्कर्ष असा की छापील कागद खोटं एकदाच बोलतो आणि त्यावर ठाम राहतो. फोन रोज वेगळं बोलतो. पण प्राजक्तानं त्यातूनही बरोबर एक खोली शोधून काढली: वरच्या मजल्यावर, दोघांची, आणि समुद्राकडं उघडणारी छोटी बाल्कनी असलेली. तिथं दोन खुर्च्या होत्या. सुनंदानं फोन हातात घेऊन त्या खुर्च्या बोटांनी मोठ्या करून बघितल्या.

आता कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला आमची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं माणूस कुठंही निघाला की भेटेल त्याला "येताय काय?" असं विचारतो. बाजाराला निघाला तरी विचारतो, दात काढायला निघाला तरी विचारतो. न विचारणं म्हणजे माज समजतात. विचारल्यावर समोरच्यानं "न्हाय, या तुमी जाऊन" म्हणायचं आणि दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं, असा हा साधा व्यवहार आहे. अडचण एवढीच की आमच्या भावकीला या रीतीचा पहिला अर्धा भागच माहीत आहे.

भावकीच्या फोनवरच्या गटात कुणीतरी सहज विचारलं, सुट्टीला काय बेत? मी शपथ घेतली होती, म्हणून काही बोललो नाही. फक्त जहाजाच्या पानाची लिंक टाकली. आणि नुसती लिंक टाकणं बरं दिसत नाही म्हणून खाली लिहिलं, 'येताय काय कोण?'

दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर लाल अक्षरांखाली नवी ओळ आली होती: 'सध्या चौदा जण हे पान पाहत आहेत.' मी प्राजक्ताला फोन करून म्हटलं, बघ, देशभरातनं मागणी आहे, लवकर पैसे भरूया. संध्याकाळपर्यंत फोन यायला लागले आणि उलगडा झाला. ते चौदाही आमचेच होते.

"शपथ घेतलीती तुमी," सुनंदा म्हणाली.

"मी कुठं बोललो? लिंक टाकली."

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली नाही, टाकली.

पुढच्या पंधरवड्यात भावकीत दोन पक्ष पडले. एक तानाजीदादाचा, छापील पक्ष. यांची मागणी अशी की समोर टेबल हवं, टेबलामागं माणूस हवा आणि काही बिघडलं तर त्या माणसाची कॉलर धरता यायला हवी. दुसरा पक्ष विलासदाजींचा. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते आंघोळीचं पाणी काढायच्या आधीही फोनवर लोकांची मतं वाचतात. दादा म्हणायचा, "फोनमधलं जहाज फोनमधीच बुडतंय." दाजी म्हणायचे, "दादा, तुमच्या पुस्तकातली ती बाई आता आज्जी झाली असंल." शेवटी छापील पक्षानं कचेरीतून आणि ऑनलाइन पक्षानं फोनवरून खोल्या घेतल्या, आणि आम्ही अकरा जण ठरलो.

यानंतरचं लिहायला हात धजत नाही. आमची खोली वर आणि बाकीच्यांच्या खाली, हे दादाला समजलं. "तुमी दोघंच वर? चुकल्या-चुकल्यासारखं हुईल की तुमास्नी!" त्यानं परस्पर कचेरीतल्या माणसाला धरलं, त्या माणसानं कुठं कुठं फोन केले, आणि आमची खोली बदलून सगळ्यांच्या रांगेत आली. "बाल्कनीचं काय लोणचं घालायचंय? वर केवढी गच्ची हाय." मी म्हटलं, बरं. घरी सांगितल्यावर सुनंदाही म्हणाली, बरं. तिचं बरं आणि माझं बरं यांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

मुंबईचं बंदर

कोल्हापूर ते मुंबई प्रवासाचं वर्णन करत नाही, तो सगळ्यांनी केलेला आहे.

माहितीपत्रकात बंदरावर एक मुलगी गुलाब घेऊन उभी होती. प्रत्यक्षात तिथं रांग होती, आणि रांगेच्या शेवटी सामान तपासणारा एक दणकट शिपाई. शालनवहिनी, म्हणजे दादाची बायको, यांच्या पिशवीत त्याला लाल पावडरीचा डबा सापडला. वहिनी कांदा-लसणाच्या चटणीशिवाय गावाबाहेर पडत नाहीत.

"ये क्या है?"

"चटणी हाय."

"चटणी तो गीली होती है."

"तुमच्यात असंल," वहिनी म्हणाल्या. "आमच्यात अशीच असतीया."

शिपायानं झाकण उघडून खोल वास घेतला. पुढची काही मिनिटं त्याला शिंकांमुळे कुणालाच तपासता आलं नाही आणि आमच्यामागची अख्खी रांग तशीच आत गेली. डबा मात्र त्यानं ठेवून घेतला. वहिनी जिना चढताना मागं वळून वळून डब्याकडं बघत होत्या.

खोल्या बघितल्यावर दोन्ही पक्षांचा एकदमच निकाल लागला. छापील पक्षाच्या खोलीला कबूल केल्याप्रमाणे खिडकी होती आणि खिडकीच्या अगदी समोर जीव वाचवायची नारिंगी होडी टांगलेली होती. तिच्यापलीकडं समुद्र असावा. ऑनलाइन पक्षाच्या खोल्यांना खिडकीच नव्हती. 'समुद्राचे थेट दृश्य' असं जे लिहिलं होतं, ते टीव्हीवर होतं. दाजी पलंगावर बसून टीव्हीतल्या समुद्राचा आवाज कमी-जास्त करत होते.

आमची खोली दादाच्या खोलीला लागून. मध्ये एक दार. मला वाटलं कपाट असेल. आम्ही पिशव्या ठेवतोय एवढ्यात ते दार उघडलं आणि दादाचं डोकं आत आलं.

"आयला, मधनं दार हाय की! घरच्यासारखंच!"

सुनंदा पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. ते दार पुढं मुंबई येईपर्यंत बंद झालं नाही. वहिनींना गार वारा चालत नाही आणि आमच्या खोलीतली हवा त्यांना बरी वाटायची.

समुद्र

दुसऱ्या दिवशी सकाळी चहूबाजूंनी पाणी होतं. ते खरंच सुंदर होतं. पंचगंगेला पूर आल्यावर पाणी बघायला जाणारी आम्ही माणसं, पण त्या पाण्याला काठ असतो, झाडांचे शेंडे असतात. इथं नजर ठेवायला काहीच नव्हतं. भीतीही वाटली आणि बरंही वाटलं.

मग मी पोहण्याचा तलाव बघायला गेलो. पुस्तकात एक बाई असलेल्या तलावात त्या सकाळी साधारण एका लग्नाचं वऱ्हाड होतं. पाणी दिसत नव्हतं, माणसांच्या खाली असावं. काठावर एक गुजराती कुटुंब ठेपले काढून बसलं होतं, त्यांच्या शेजारी दिल्लीकडचे लोक मोठ्यानं एकमेकांचे फोटो काढत होते. त्यांनी ठेपले कसे आत आणले हे विचारायला वहिनी गेल्या आणि बोलत बोलत तिथंच जेवून आल्या. आपल्याकडं पाहुण्याला वाढताना आग्रह करतात, यांच्याकडं वाढूनच टाकतात, विचारत नाहीत, असं त्यांचं मत पडलं.

जेवणाबद्दल तुम्ही विचारणार, म्हणून सांगतो. पदार्थ मोजता येणार नाहीत इतके होते. मटणही होतं. तांबडं दिसत होतं म्हणून दादानं वाटीभर घेतलं, एक घोट प्यायला आणि माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "गोड हाय रे." एखाद्याच्या घरची वाईट बातमी सांगावी तसा त्याचा आवाज होता. दाजींनी तिथल्या तिथं फोन काढून जहाजाचे दोन तारे कमी केले. समुद्रात रेंज नव्हती, त्यामुळे ते तारे गोव्याला पोचेपर्यंत त्यांच्या खिशातच होते.

त्या दिवशी संध्याकाळची गोष्ट मात्र मला नीट सांगायला हवी.

सुनंदानं दुपारपासूनच काहीतरी मनाशी ठरवलेलं असावं. बाकीची मंडळी जादूचे प्रयोग बघायला गेली, तेव्हा तिनं ठेवणीतली निळी इरकल नेसली आणि मला म्हणाली, "चला." वरच्या मजल्यावर एक वेगळं उपाहारगृह होतं. दारातल्या नेपाळी वेटरला तिनं दोन बोटं दाखवली. "दो. खाली दो. तिसरा कोई नहीं."

"यस मॅडम," तो म्हणाला आणि आम्हाला खिडकीजवळच्या टेबलापाशी घेऊन गेला. पांढरं कापड होतं. मेणबत्ती बॅटरीवरची होती, कारण जहाजावर जाळ चालत नाही. सूर्य मागच्या बाजूला मावळत होता, म्हणजे भिंतीपलीकडं. पण टेबल दोघांचं होतं.

सूप आलं. सुनंदा खिडकीबाहेर बघत सांगायला लागली. तिचं माहेर मलकापूरचं. लहानपणी रत्नागिरीकडून माशांचे ट्रक घाट चढून यायचे, बर्फाचं पाणी रस्त्यावर सांडत जायचे. पोरं त्या ओल्या रेघेच्या मागं पळायची. तिला वाटायचं, ही रेघ धरून चालत गेलं की समुद्र येतो. एकदा ती आणि तिची मैत्रीण खरंच चालत निघाल्या होत्या, गावाबाहेर बऱ्याच लांबपर्यंत.

"मग?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. समोरची बाई मला नवीनच वाटायला लागली होती, आणि फार छान वाटत होतं.

"मग काय, फुडं आमास्नी..." एवढं ती बोलली आणि दारात तानाजीदादा दिसला. जादू आवडली नव्हती म्हणून तो आम्हाला शोधत आला होता. त्यानं आम्हाला बघितलं, टेबल बघितलं, आणि खरं सांगतो, तो थबकला. त्याला कळलं होतं. तो मागं वळणार होता.

पण माझं तोंड! "या की दादा, बसा!" ते मी म्हटलं नाही, ते तोंडातून गेलं. शिंक जाते तसं.

दादा आला. त्यानं वहिनींना बोलावलं. वहिनींनी माझ्या बहिणीला, बहिणीनं दाजींना. नेपाळी वेटर टेबलं जोडत जोडत शेवटी भिंतीपर्यंत पोचला. बॅटरीची मेणबत्ती कुणीतरी उलटी करून 'सेल कुठं घालत्यात' ते बघत होतं. सुनंदा सगळ्यांना पाणी देत होती. मलकापूरच्या पुढं त्या दोघी कुठपर्यंत गेल्या हे मला कळायचं तसंच राहिलं.

गोवा

नकाशा उघडून बघा. कोल्हापूरहून आजरा करून आंबोली उतरलं की गोवा, सकाळी निघालेला माणूस जेवायला पोचतो. आम्ही मुंबईला गेलो, जहाजात बसलो, एक अख्खा दिवस पाण्यात घालवला आणि गोव्याला पोचलो. बंदरावर शालनवहिनींचा भाऊ उभा होता. तो आजऱ्याहून काजूची पिशवी, तांबड्या रश्शाचा डबा आणि मोठी गाडी घेऊन आला होता, दुपारच्या जेवणाआधी घरून निघून. जहाजाकडं एकदा वर बघून तो म्हणाला, "एवढं फिरून आलासा? मला म्हणला असतासा तर मीच आणून सोडलं असतं."

बंदराबाहेरच्या झाडाखाली सगळे रस्सा प्यायले. माणसांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मग त्या भावानंच विषय काढला. गाडी मोठी आहे, सगळे मावतात. परत मुंबईला कशाला जाताय? चला, रात्रीच्या जेवणाला घरी.

मी सुनंदाकडं बघितलं. तिच्या तोंडावर जे आलं, ते मी लग्नातही बघितलं नव्हतं. ती एकदम कामालाच लागली. "वैनी, तुमचं गुडघं दुखाय लागल्यात, तुमी जावाच. दाजी, तुमास्नी त्या खोलीत झोप न्हाय. दादा, जावा की, रस्सा बी हाय गाडीत." तिनं वहिनींची पिशवी उचलून गाडीत नेऊनसुद्धा ठेवली. जहाजावरचं बाकी सामान आम्ही दोघं आणतो, म्हणाली. "आमी येतो मुंबईवरनं, तुमी नका तरास घेऊ."

दाजींनी फोनवर रस्ता बघितला. वहिनी गाडीत बसल्यासुद्धा. सगळं जमत आलं होतं. आणि दादानं हनुवटी खाजवत विचारलं, "पर पैसं मुंबईपतुर भरल्यात न्हवं?"

भरलेले होते. कोल्हापूरचा माणूस उपाशी राहील, उलट्या करील, खिडकी नसलेल्या खोलीत टीव्हीवरचा समुद्र बघत पडून राहील, पण भरलेल्या पैशाचा रस्ता अर्ध्यात सोडणार नाही. वहिनी गाडीतून उतरल्या. सुनंदानं त्यांची पिशवी काढून आणली. रिकामी गाडी आजऱ्याकडं गेली आणि भावकी एकामागून एक जहाजाचा जिना चढली.

वर कठड्यापाशी सुनंदा माझ्याशी बोलली, ते जहाजाच्या भोंग्यातूनही ऐकू येत होतं. "दादांचं काय न्हाय. त्ये काल माघारी निघालते, मी बघितलंय. तुमीच बोलिवलंसा. तुमच्या तोंडाला दारच न्हाय."

"भावकी हाय गं. तोडून चालतंय व्हय?"

"तोडा म्हणलं का मी? तासभर बाजूला ठेवाय सांगितलं. तेवढं बी न्हाय जमलं तुमास्नी."

तिचं खरं होतं आणि मला वाईट वाटलं. पंप पाणी किती मारतोय विचारणारं गिऱ्हाईक बरं, त्याला काहीतरी उत्तर देता येतं.

परत मुंबई

सकाळी जाग आली तेव्हा जहाज थांबलेलं होतं. आदल्या दिवशी सगळ्यांना रंगीत पट्ट्या दिल्या होत्या. आपला रंग पुकारला की उतरायचं, तोवर निवांत नाश्ता करायचा. आमचा रंग शेवटचा. पण एस.टी. स्टँडवर वाढलेल्या माणसाला असली व्यवस्था पटत नाही. गाडी लागली की दाराला भिडायचं, नाहीतर गाडी आपल्याला घेऊन पुढं निघते. दादानं मधल्या दारातूनच हाक मारली, "उठा, उठा! लाईन लागली!" बॅगा, पिशव्या, काजू घेऊन सगळी भावकी खालच्या मजल्यावर बंद दाराला तोंड करून उभी राहिली. दार उघडायला बराच अवकाश होता.

मीही बॅग उचलली. बघतो तर सुनंदा नाही. खोलीत नाही, रांगेत नाही. मी बॅग रांगेत ठेवली, जागा धरायला दाजींना सांगितलं आणि वर गेलो.

ती अगदी वरच्या मजल्यावर होती, एकटीच. लांब खुर्चीवर बसलेली. सगळी गच्ची रिकामी. समुद्र असा दिसतच नव्हता. एका बाजूला गोदामांचे पत्रे, दुसरीकडं एक क्रेन, खाली तेलकट पाणी आणि त्यात तरंगणारी एक चप्पल. कठड्यावर कावळे बसले होते. एक कामगार पाइपानं फरशी धूत होता.

"चल, लाईन लागलीया," मी म्हटलं.

"लागू दे. मी न्हाय उठत." ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "तुमास्नी जायाचं असंल तर जावा."

कामगार जवळ आला आणि "मॅडम, खत्म हो गया, नीचे जाना है" असं काहीतरी सांगायला लागला. सुनंदानं त्याला शांतपणे सांगितलं, "हमारा अभी चालू हुआ है. तुम उधर से धोके आव." तो पाइप ओढत पलीकडं गेला. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो. ती ओली होती. पँट भिजली, पण उठावंसं वाटलं नाही. क्रेन एक पेटी उचलून दुसरीकडं ठेवत होती, ते आम्ही दोघं बघत बसलो. मला बरं वाटत होतं, आणि आपण इतके वेंधळे कसे याचा रागही येत होता.

खिशातला फोन वाजला. दादा. मागून सगळ्या भावकीचा गलका ऐकू येत होता.

"आरं, कुठं हाईसा? दार उघडाय लागल्यात! सुनंदा कुठं हाय?"

माझ्या जिभेच्या टोकावर शब्द तयार होते: वर या की, हितं सगळं मोकळं हाय. सुनंदा क्रेनकडंच बघत होती, पण तिची मान ताठ झालेली मला दिसली. मी ते शब्द गिळले.

"लायनीतच हाय दादा," मी म्हटलं. "लई मागं अडकलोय. गर्दी हाय, फुडं सरकाय इना. तुमी व्हा फुडं, आमची वाट बघू नका."

"बॅग?"

"बॅग तेवढी घेऊन जावा."

फोन बंद केला. पूर्ण बंद केला, बटण दाबून. आयुष्यात मी भावकीशी खोटं बोललो ते हे पहिलं, आणि तेही देवाशपथ न अडखळता. सुनंदानं चपला काढल्या, पाय खुर्चीवर वर घेतले आणि निरीवरून हात फिरवत माझ्याकडं पहिल्यांदा वळून बघितलं.

"आगा बया! येतंय की तुमास्नी," ती म्हणाली. "मग इतकी वर्सं काय झोपलातासा?"